एका अँपिअरचा मत्सर

माणसाने मत्सर करायचा तर बंगल्याचा करावा, बढतीचा करावा, गेला बाजार शेजाऱ्याच्या दाट केसांचा तरी करावा. मी आयुष्यातली बरीच वर्षं एका चिमट्याचा मत्सर करण्यात घालवली. चिमटा माझा नव्हता, हेच त्याचं कारण. तो सुरेश राऊळचा होता.

ऐंशीच्या दशकात मी घाटकोपरला विजेच्या घरगुती उपकरणांच्या एका सर्व्हिस सेंटरमध्ये मेकॅनिक होतो. गिझर, इस्त्री, हीटर, मिक्सर. आमचे मालक दिघेसाहेब. त्यांचं व्हिजिटिंग कार्ड दोन्ही बाजूंनी छापलेलं होतं आणि तरीही त्यांना जागा कमी पडली असावी असं ते कार्ड वाचताना वाटे. दुकानात आम्ही दोघेच कायमचे मेकॅनिक. मी तावडे, गाव राजापूरकडे, वडील गिरणीत. आणि हा सुरेश, सावंतवाडीकडचा, माझ्याहून आठ-दहा वर्षांनी लहान, माझ्याहून उंच आणि हसला की गिऱ्हाईक तक्रार विसरे.

आमच्या धंद्याचं गणित अगदी थोडं आहे. ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे अडखळायला नको. विजेचा दाब म्हणजे व्होल्टेज, प्रवाह म्हणजे अँपिअर. दोन्ही मोजायचे. दाबाला प्रवाहाने भागलं की वस्तूचा रेझिस्टन्स मिळतो आणि दोन्हींचा गुणाकार केला की वॅट, म्हणजे शक्ती. एक भागाकार, एक गुणाकार. चौथीतल्या मुलाला जमेल. पण या दोन उत्तरांत फरक आहे आणि माझी सगळी नोकरी मी तो फरक लोकांना समजावण्यात घालवली. रेझिस्टन्स हा गिझरमधल्या कॉइलचा स्वभाव. तो तुमच्या घरी तोच, माझ्या घरी तोच. वॅट मात्र त्या दिवशीच्या दाबावर अवलंबून. पाटीवर दोन हजार वॅट लिहिलेले असतात ते दोनशेतीस व्होल्ट मिळाले तर. पाटी ही साहेबांच्या व्हिजिटिंग कार्डासारखी समजावी. परिस्थिती अनुकूल असताना माणूस काय असतो, एवढंच ती सांगते.

व्होल्टेज मोजणं सोपं. दोन टोकांना मीटर लावला की झालं. अँपिअरचं तसं नाही. प्रवाह मोजायचा तर त्याच्या वाटेतच मीटर बसवावा लागतो. म्हणजे तार तोडा, मध्ये मीटर घाला, पुन्हा जोडा. यासाठी मी एक लाकडी बोर्ड केला होता. त्यावर दोन मीटर, एक सॉकेट आणि भिंतीत घालायला एक वायर. गिझरचा प्लग बोर्डात, बोर्डाचा प्लग भिंतीत. रेक्झिनच्या पिशवीतून मी तो घेऊन हिंडायचो. वजन चांगलंच होतं. मी तो गिऱ्हाइकाच्या बाथरूमच्या दारात मांडला की सुरेश म्हणायचा,

"काय तावडेनू, पेटी काढलात? आता गजर कोण म्हणतलो?"

दुकानात मग माझ्या बोर्डाचं नावच भजनाची पेटी पडलं.

सुरेशचा भाऊ मस्कतला होता. त्याने एके वर्षी सुट्टीवर येताना सुरेशला टाँग टेस्टर आणला. त्यालाच सगळे चिमटा म्हणत. काळा, हातात मावणारा, वरती दोन वाकड्या नांग्या. खटका दाबला की नांग्या उघडतात, त्यात तार धरायची, खटका सोडायचा. काटा हलतो आणि अँपिअर दाखवतो. तार तोडायला नको, पेटी मांडायला नको. वाहत्या प्रवाहाभोवती चुंबकत्व तयार होतं, ते हा चिमटा ओळखतो. मी हे फार पूर्वी पुस्तकात वाचलं होतं. सुरेशने वाचलं नव्हतं. भावाने त्याला सांगितलं होतं, "एकच तार धर." तो एकच तार धरायचा.

तो चिमटा मी पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा मला जे वाटलं ते कौतुक नव्हतं. मी तो परत दिला आणि म्हणालो की दोन आकडी अँपिअरच्या खाली याची अचूकता बेताची असणार. हे खरंही होतं. खरं बोलून मन शांत होतं असं म्हणतात. माझं झालं नाही.

त्या वर्षी खंडेनवमीला साहेबांनी हत्यारांची पूजा मांडली. मधोमध चिमटा, त्यावर झेंडू. माझी पेटी टेबलावर मावेना म्हणून खाली जमिनीवर, स्क्रू ड्रायव्हरच्या डब्याशेजारी. हळदकुंकू तिला लागलं, पण वाकून.

मग गिऱ्हाइकं. मुलुंडला एक निवृत्त हेडमास्तर होते. त्यांची तक्रार अशी की गिझर सकाळी चांगला चालतो, संध्याकाळी आळस करतो. मी संध्याकाळी गेलो, पेटी मांडली. व्होल्टेज एकशे नव्वद. मी त्यांना सांगितलं की गिझरला काही झालेलं नाही. दाब कमी झाला की त्याच्यामागोमाग प्रवाहही कमी होतो, त्यामुळे शक्तीला दोन्हीकडून मार बसतो. व्होल्टेज सहाव्या हिश्शाने उतरलं तर उष्णता तिसऱ्या हिश्शाने उतरते. मास्तरांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं की म्हणजे तुम्ही दुरुस्त काय केलंत? आठवड्याने त्यांनी दुकानात फोन करून चिमटेवाल्या मुलाला पाठवायला सांगितलं. सुरेश सकाळी गेला, सॉकेट उघडून तार चिमट्यात धरली, "मास्तर, एकदम झकास खेचतोय" म्हणाला आणि चहा पिऊन आला. मास्तरांनी पुन्हा फोन केला आणि मुलाच्या ज्ञानाची तारीफ केली.

जुहूच्या एका बंगल्यात तर मी पेटी घेऊन फाटकापर्यंत पोचलो होतो. रखवालदाराने वरून विचारून घेतलं आणि मला म्हणाला, "वो चिमटेवाले को भेजो." मी बसस्टॉपवर पेटी मांडीवर घेऊन बसलो. एका म्हातारबुवांनी विचारलं, कुठल्या मंडळाचे?

हे सगळं मी घरी सांगितलं की बायको म्हणायची, "अहो, मग तुम्हीही घ्या की एक." जणू चिमटा घाटकोपरच्या बाजारात कोथिंबिरीसारखा मिळतो. शिवाय सुरेशने गणपतीत आमच्याकडे दर्शनाला येऊन, प्रसाद खाता खाता तिचा बंद पडलेला मिक्सर चालू करून दिला होता. तो मिक्सर मी रविवारी बघणार होतो. तेव्हापासून घरातही त्याचं नाव चांगलं होतं.

अशात साहेबांनी अंधेरीला दुसरं दुकान काढायचं ठरवलं. तिथे एक इन्चार्ज लागणार होता. टेबल, खुर्ची, फोन आणि दारावर नाव. माझी नोकरी जुनी, काम जुनं, मला वाटत होतं की हे माझंच आहे. पण साहेब दुकानात येरझारा घालत म्हणत की पश्चिमेचं गिऱ्हाईक वेगळं असतं, त्याला प्रेझेंटेशन लागतं. आणि हे म्हणताना ते माझ्या पेटीकडे बघत.

असं सगळं टांगलेलं असताना साहेबांच्या घरच्या गिझरची तक्रार आली.

साहेब मुलुंडला राहत. घरी त्यांची आई, सत्तरी उलटलेल्या, आवाज खणखणीत. मी शनिवारी दुपारी गेलो तेव्हा त्या दारातच उभ्या होत्या. गिझर चालतो की नाही, याच्याशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं.

"मला नळ चावतो," त्या म्हणाल्या.

कधी, कसा, ते विचारलं. रोज नाही, पण ओल्या पायांनी उभं राहून नळ सोडला की बोटांना मुंग्या डसल्यासारखं होतं. साहेब आतून म्हणाले की आईचं वय झालंय, बोटांना मुंग्या येणारच, डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात.

"गोळ्यांनी नळ चावायचा थांबत नाही," आई म्हणाल्या.

मी खिशातला दिव्याचा टेस्टर नळाला लावला. पेटला नाही. पण त्यातला दिवा पेटायला बराच दाब लागतो. ओल्या माणसाला चावायला तेवढा लागत नाही. म्हणून मी पेटी मांडली. व्होल्टेज दोनशेवीस, प्रवाह नऊ पूर्णांक तीन. गुणाकार दोन हजार शेहेचाळीस.

साहेब टॉवेल गुंडाळून मागे उभे होते. त्यांनी पाटी वाचली. दोन हजार वॅट. "तंतोतंत," ते म्हणाले. "झालं की."

पण मी भागाकार केला होता. दोनशेवीस भागिले नऊ पूर्णांक तीन, साडेतेवीसच्या वर. पाटीप्रमाणे हा रेझिस्टन्स साडेसव्वीस यायला हवा. दोनशेवीस व्होल्टला या गिझरने आठ पूर्णांक तीन अँपिअर घ्यायला हवे होते, तो एक जास्त घेत होता. दाब कमी आणि तरी वॅट पाटीइतके, हीच गोष्ट संशयाची होती. कॉइल जुनी झाली की तुटते. तिचा स्वभाव एकाएकी मऊ होत नाही, माणसाचा होत नाही तसाच. तो जास्तीचा अँपिअर कुठून तरी दुसऱ्या वाटेने जात होता. पण वाट माझ्या पेटीला दिसत नव्हती. त्यासाठी हाताने फिरवायचा मेगर लागतो, तारेवरचं वेष्टन कुठे फुटलंय ते तो सांगतो. तो दुकानात होता.

मी साहेबांना म्हणालो की उद्या मेगर घेऊन येतो, तोवर गिझर बंद ठेवा आणि प्लग काढूनच ठेवा.

साहेबांनी मान हलवली, पण प्लगसाठी नव्हे. "तावडे," ते म्हणाले, "गिऱ्हाइकाला उत्तर द्यायचं असतं. गृहपाठ नाही."

प्लग मी स्वतः काढला आणि आईंना पुन्हा बजावलं. त्या म्हणाल्या, त्या चुलीवरच्या पाण्याने वाढल्या आहेत, एक दिवस गॅसवरच्या पाण्याने मरणार नाहीत.

रविवारी सकाळी मेगर घेऊन पोचतो तो दिवाणखान्यात सुरेश बसलेला. नवीन टेरिलिनचा शर्ट, हातात पोह्यांची बशी, शेजारी सोफ्यावर चिमटा. साहेबांनी रात्रीच त्याला निरोप धाडला होता. मला बघून तो उठला आणि स्वतःची खुर्ची दिली. त्याचं हेच मला सहन व्हायचं नाही. दुष्ट माणसाचा मत्सर करायला सोपं जातं.

साहेबांनी स्पष्टच सांगितलं. अंधेरीला कोण जाणार ते त्यांना या आठवड्यात ठरवायचं होतं आणि दोघेही आलेच आहात तर बघू या. आधी राऊळ. मी कोपऱ्यात मेगरची पेटी मांडीवर घेऊन बसलो. तेवढ्या सकाळपुरता मी दोन पेट्यांचा मालक होतो आणि माझा नंबर दुसरा होता.

बाथरूमच्या दारात आम्ही चौघं. मी सगळ्यांना सांगितलं की नळाला कुणी हात लावू नका. सुरेशने प्लग घातला, बटण दाबलं. एरवी तो सॉकेटचं झाकण उघडून आतली एक तार बाहेर घ्यायचा. पण सॉकेट पार वर, खाली जमीन ओली, अंगात नवा शर्ट आणि बघायला साहेब. त्याने गिझरची जाडजूड वायर, तीन तारा आत असलेली, होती तशीच चिमट्यात धरली.

माझ्या मनात दिवाळी सुरू झाली. ही आमच्या धंद्यातली शिकाऊ माणसाची चूक. जाणारी आणि येणारी तार एकत्र धरली की जाणारा प्रवाह आणि परतणारा प्रवाह एकमेकांचं चुंबकत्व पुसून टाकतात. चिमटा शून्य दाखवतो. गिझर जोरात चालू आणि काटा शून्यावर, आता हा काय म्हणणार, याची मी वाट बघत होतो. साहेबांसमोर. त्यांच्या आईसमोर.

सुरेशने काटा बघितला, चिमटा हलवून पुन्हा बघितला. "साहेब, एकच अँपिअर घेतोय," तो म्हणाला. "कॉइल गेली याची."

मी तोंड उघडलं. कॉइल गेलेली नाही, कालच दोन हजार वॅट मोजलेत, आतलं पाणी आत्ता सूं करतंय ते ऐकू येत नाही का, असं बरंच काही तयार होतं. आणि मग माझ्या लक्षात आलं की तो शून्य म्हणाला नव्हता. एक म्हणाला होता.

जेवढं जातं तेवढं परत आलं तर शून्य. इथे एक परत येत नव्हता. माझ्या भागाकारात जो अँपिअर जास्तीचा होता, तो हा. रात्रभर मी जो शोधत होतो तो सुरेशच्या चिमट्यात होता, त्याच्या चुकीमुळे होता, आणि तो काय आहे हे त्या बाथरूमच्या दारात फक्त मला ठाऊक होतं.

मी पुढे होऊन बटण बंद केलं आणि प्लग उपटला.

"आई," मी म्हणालो, "नळ चावतो हे खरं आहे."

त्या आपल्या मुलाकडे वळल्या. साहेबांनी टॉवेल खांद्यावर नीट केला.

मग मी कॉइल बाहेर काढली. तिच्या तांब्याच्या नळीला केसाएवढी चीर गेली होती आणि चिरेत पांढरा क्षार बसला होता. वीज तिथून पाण्यात, पाण्यातून टाकीत आणि लोखंडी नळात उतरत होती. अर्थिंगच्या तारेने ती झेलायची, पण सॉकेटमध्ये ती तार नुसती ठेवलेली होती, स्क्रूखाली नव्हतीच. चीर आणखी वाढली असती तर एखाद्या सकाळी नळ नुसता चावून थांबला नसता. मी हे सगळं सांगितलं. कालचा भागाकारही सांगितला. साहेबांनी सगळं ऐकलं आणि सुरेशच्या पाठीवर थाप मारली.

"बघा तावडे. तुम्ही उद्यावर टाकलंत. यानं मिनिटात पकडलं."

सुरेशला आपण काय पकडलं ते कळलं नव्हतं, पण पकडलं होतं एवढं त्याला दिसत होतं. तो म्हणाला की तावडेनी सांगितलं नसतं तर आपल्याला कळलं नसतं. हे अगदी खरं होतं आणि साहेबांना तो त्याचा विनय वाटला. आईंनी आतून बेसनाचा लाडू आणला, त्याच्या हातावर ठेवला आणि म्हणाल्या, "लेकरा, तुझ्यामुळे माझं कुणी ऐकलं." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुम्ही पण घ्या."

त्या "पण"सकट मी लाडू खाल्ला. बेसन चांगलं भाजलेलं होतं.

नवी कॉइल मी बसवली, अर्थिंगची तार मी आवळली, मेगर फिरवून मी खात्री केली. तोवर बाहेर अंधेरीची भाषा सुरू झाली होती. दारावरचं नाव मराठीत असावं की इंग्रजीत, एवढाच प्रश्न उरला होता.

उद्घाटन थाटात झालं. फीत, भाड्याच्या खुर्च्या, शाल, नारळ आणि फीत कापायला एक स्थानिक पुढारी, ज्यांना आपण कशाचं उद्घाटन करतोय हे कात्री हातात घेतल्यावर कुणीतरी कानात सांगितलं. साहेबांनी भाषणात एका अँपिअरची गोष्ट सांगितली. माझ्या आईचे प्राण, ते म्हणाले, या तरुणाच्या तंत्रज्ञानाने वाचवले. टाळ्या पडल्या. मी तिसऱ्या रांगेत होतो आणि मीही वाजवल्या. न वाजवणारा माणूस तिसऱ्या रांगेतही दिसतो.

वडे फिरू लागले तेव्हा सुरेशने मला दुकानाच्या मागच्या बाजूला नेलं. गळ्यात हार तसाच होता.

"तावडेनू, माका एक खरा सांगा," तो म्हणाला. "त्या दिवशी मी काय चुकलंय?"

त्याला कुठेतरी ते टोचत होतं. मी बटणाकडे झेपावलो ते, कॉइल तापत असताना ती गेली असा त्याने दिलेला निकाल. मी वड्याचा तुकडा मोडला आणि बराच वेळ चावला. न सांगता मला सहज निघून येता आलं असतं. तो पुन्हा कधीतरी दोन्ही तारा एकत्र धरील, काटा एकावर जाईल, तो कॉइल गेली म्हणेल आणि मी घाटकोपरला ते ऐकून सुखाने जेवीन. पण त्या वेळी नळाखाली कोण असेल ते मला ठाऊक नव्हतं.

म्हणून सांगितलं. लग्नाच्या हॉलच्या दाराचं उदाहरण घेतलं. जेवढे पाहुणे आत गेले तेवढेच त्याच दाराने बाहेर आले तर दारावरच्या माणसाची बाकी शून्य. बाकी एक उरली, तर एक जण भिंत फोडून गेला. दोन्ही तारा एकत्र धरल्या की चिमटा ही बाकी दाखवतो. मला हे प्रकरण पुस्तकातून समजायला एक पावसाळा लागला होता. सुरेशला वडा संपायच्या आत समजलं.

"म्हणजे तिथे शून्य ही चांगली खबर?"

"हो."

त्याने क्षणभर विचार केला. "मग तावडेनू, हे प्रत्येक गिझरला करून बघूक होया."

मत्सराचे मी जे प्रकार अनुभवले त्यांत हा सर्वांत खोल गेला. चिमटा त्याच्या भावाने दिला होता, शर्ट त्याने विकत घेतला होता, हसू आईबापाचं होतं. पण हा विचार त्याचा होता. मला तत्त्व ठाऊक होतं, इतकी वर्षं ठाऊक होतं आणि मी त्याच्याकडे केवळ दुसऱ्याची चूक म्हणून बघत होतो. चूक हीच तपासणी होऊ शकते, हे तो वडा खाता खाता बोलून गेला. मी घरी बायकोला भाषण सांगितलं, वडे सांगितले. हे सांगितलं नाही.

अंधेरी ते बोरिवली त्याने प्रत्येक गिझरला ती तपासणी सुरू केली. बरेच गिझर शून्य दाखवत. काही दाखवत नसत आणि मग ते उघडले जात. पश्चिमेत दुकानाचं नाव झालं. साहेबांना त्यात नाव ठेवण्यासारखं काहीतरी दिसलं आणि त्यांनी ते ठेवलंही. घाटकोपरला आम्हाला सक्तीचा हुकूम आला की यापुढे दुरुस्तीनंतर "राऊळ टेस्ट" झाल्याशिवाय गिझर गिऱ्हाइकाच्या ताब्यात द्यायचा नाही. त्यासोबत मला एक कोरा चिमटाही मिळाला. सुरेशने साहेबांकडे तो माझ्यासाठी मागून घेतला होता, हे मला नंतर कळलं. आधी कळलं असतं तर मी घेतला नसता असं मला वाटतं. घेतला असता.

निवृत्त होईपर्यंत मी ती तपासणी करत राहिलो. विक्रोळीच्या चाळीत, मुलुंडच्या सोसायटीत, जिथे गिझर तिथे. जाड वायर होती तशी चिमट्यात धरायची आणि काटा शून्यावरून हलत नाही ना ते बघायचं. हलला नाही की घरातली बाई विचारायची, हे काय करता तुम्ही? मी सांगत असे, ही राऊळ टेस्ट. कोण राऊळ, असं पुढे विचारलं तर तेही सांगत असे, आणि नीट सांगत असे.